पाच नंबरचा फर्मा

इस्माईलचाचांनी ताग्याच्या कडेचा एक धागा ओढून काढला, चिमटीत धरून त्याला काडी लावली. धागा जळला नाही. आक्रसून त्याचा काळा मणी झाला. तो मणी त्यांनी खडूच्या डबीच्या झाकणात टाकला आणि झाकण समोरच्या माणसापुढे सरकवलं.

"प्लास्टिक हाय हे."

"असू द्या की चाचा," समोरचा माणूस हसला. "लग्नात कोण टोपी पेटवून बघतंय?"

हा शेळगावचा सर्जेराव. पंचवीस एकर ऊस, ठिबकच्या सामानाची एजन्सी, गळ्यात करंगळीएवढी जाड साखळी. धाकट्या लेकीचं, स्वरूपाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि आहेरात वाटायला अकराशे टोप्या सांगायला तो लासुर्ण्याच्या चौकातल्या या दुकानात आला होता. कापड त्याने स्वतःच बारामतीहून आणलं होतं. स्वतः आणलं म्हणजे स्वस्तातलं आणलं, हे चाचांना तागा न उघडताच कळलं होतं. उघडल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पन्हा फक्त छत्तीस इंचाचा होता.

"चव्वेचाळीसचा पन्हा लागतो," चाचा म्हणाले. "ह्यात अकराशे बसत न्हाईत. नऊशे बसतील."

"बसवा की. जरा बारक्या करा."

"पावण्यांची डोकी बारकी करून आणणार हाय का?"

सर्जेराव पुन्हा हसला. त्याला राग येत नसे, आणि चाचांना त्याची हीच गोष्ट सर्वांत जास्त डाचत असे. ज्याला अपमान झालेला कळत नाही, त्याचा अपमान करण्यात नुसते श्रम वाया जातात.

"अवो, पण घालतंय कोण ती टोपी? तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

चाचांना चांगलं माहीत होतं. चाळीस वर्षं ते हेच बघत आले होते. लग्न लागायच्या आधी माईकवरून नाव पुकारायचं, पाहुण्याने गर्दीतून वाट काढत स्टेजवर जायचं, यजमानाने खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवायची, फोटो काढायचा. पाहुणा पायऱ्या उतरायच्या आत टोपी काढून घडी घालतो आणि बायकोच्या पिशवीत टाकतो. पिशवीतून ती कपाटात जाते आणि कपाटातून पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. एकदा तर चाचांनी एका लग्नात स्वतःच्याच हातची, सहा वर्षांपूर्वीची टोपी ओळखली होती. घडीवर पिवळी रेघ उमटलेली, आणि ती डोक्यावर घेणारा गडी छाती अशी काढून उभा की जणू आत्ताच गड जिंकून आलाय. चाचा अशा टोपीला फोटोची टोपी म्हणत. ती देणाऱ्याची त्यांना कीव येई आणि घेणाऱ्याची किळस.

त्यांच्या दुकानात फर्मे, म्हणजे कापड ज्यावरून बेततात ते नमुने, दोन प्रकारचे होते. एक हा फोटोच्या टोपीचा, सगळ्या पंचक्रोशीला एकच, पुठ्ठ्याचा. दुसरे भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले, एकेका माणसाचे. गोल डोकं कागदावर सपाट उतरवता आलं पाहिजे, मग शिवायला काय, कुणीही शिवतं, असं ते म्हणत. डोक्याभोवतीचं माप, कपाळापासून टाळूवरून मानेच्या खाचेपर्यंतचं माप, कान किती खाली आहेत, मागचा भाग फुगीर की चपटा, हे सगळं बघून ते जाड लग्नपत्रिकांवर फर्मा आखत. पत्रिकेवरचा गणपती तेवढा आधी कापून वेगळा ठेवत. फर्म्यावर माणसाचं नाव. असे एके काळी दोनशे फर्मे होते. वालचंदनगरच्या कंपनीतले कामगार पगार झाला की रांग लावत. आता खिळ्यांवर अकरा उरले होते, आणि त्या अकरातले तिघे अंथरुणाला खिळलेले.

"फोटोच्या फर्म्यातून इंच काढायला लागंल," चाचा म्हणाले. "टोपी टाळूवर बसंल. पालथी वाटी ठेवल्यागत."

"चालतंय." सर्जेरावने खिशात हात घातला. "आन् ह्या पाच मात्र झाक करायच्या. मापाच्या. ह्याला कापड निराळं आणलंय, खादीचं."

त्याने टेबलावर दोऱ्यांचे पाच जोड ठेवले. प्रत्येक जोडाला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नुसता आकडा, एक ते पाच. दोऱ्यांना गाठी मारून मापं घेतलेली.

"नावं?"

"नावं न्हाय सांगत. पाच मानाचे सत्कार हायती, लग्नाच्या आदी. कुणाचा पयला, कुणाचा दुसरा, हे आदी फुटलं तर निम्मी भावकी जेवायला यायची न्हाय." त्याने आवाज खाली आणला. "घरातल्या बायकांकडनं गुपचूप मापं आणलीत. पावण्यास्नीबी पत्ता न्हाय."

"म्हंजे ह्या पाचांचं डोकं मोठं आन् बाकी अकराशेंचं बारकं."

"तुमी बोलण्यात काय ऐकणार न्हाय चाचा," सर्जेराव म्हणाला आणि मोटारीत बसून निघून गेला. मोटारीच्या मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'आबासाहेबांची पुण्याई' असं लिहिलेलं होतं. आबासाहेब म्हणजे त्याचा बाप. त्या माणसाने मरेपर्यंत इस्माईलचाचांच्याच हातची टोपी घातली होती, आणि घालायची म्हणजे पहाटे डोक्यावर चढवायची ती झोपतानाच उतरवायची. त्याच्या पोटी हे असं निपजावं याचं चाचांना नवल वाटे.

फोटोच्या टोप्या कापायला चार दिवस लागले. चाचा फर्मा ठेवत, खडू फिरवत, आणि मुलगा अफजल मशिनवर शिवत जाई. अफजल दोन वर्षं बारामतीला एका कपड्यांच्या कारखान्यात होता. तिथे फर्मे संगणकावर करायला शिकून आला होता.

"अब्बा, तितं मशिनच सांगतं कुठला तुकडा कुठं ठेवायचा. कापड अजिबात वाया जात न्हाय."

"मशिनला डोकं असतं का?"

"न्हाय."

"मग त्येला टोपीतलं काय कळणार?"

बापाच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, फक्त पायडल जरा जोरात मारायचं, एवढं अफजल बारामतीला जायच्या आधीपासून शिकलेला होता.

टोप्यांचे ढीग चढत गेले. प्रत्येक शंभराची चळत बांधताना चाचा काही ना काही बोलत. ही चळत गूळ-शेंगदाण्यावर भाळणाऱ्या मेव्हण्यांची. ही ग्रामपंचायतीत पडलेल्यांची. ही निवडून आलेल्यांची, म्हणजे अजून हलकी. टोपी डोक्यावर ठेवली की माणूस मोठा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एवढीशी टोपीसुद्धा जास्तच झाली, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते दुकानासमोरून जाणाऱ्या कुणालाही ऐकवत. लोक हसून पुढे जात. इस्माईलचाचांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार आहे, हे गावाने कधीच मान्य करून टाकलं होतं. माप मात्र त्यांचं चुकत नाही, हेही.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मानाचे दोरे पुढ्यात घेतले.

या कामाला मात्र ते मांडी घालून, चष्मा पुसून बसले. दोरा फूटपट्टीवर धरायचा, गाठ कुठे येते ते बघायचं, पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढायची. फर्मा नेहमी निम्म्याचाच कापायचा. कापड दुमडून फर्म्याची सरळ कड त्या घडीवर ठेवली की उलगडल्यावर पूर्ण पट्टी निघते. एक नंबरचा दोरा मोजून ते म्हणाले, "एकवीस. नारळाएवढं डोकं हाय आन् मान पयला. पैशेवाला असणार." दोन नंबर रुंद निघालं. "ह्यो मामा. मामांची डोकी रुंदच असतात, बसून खायाची सवय." तीन आणि चार त्यांनी असेच निकालात काढले.

पाच नंबरचे दोरे मात्र त्यांनी दोनदा मोजले. भोवतीचं माप साडेबावीस होतं, त्यात विशेष काही नव्हतं. दुसरा दोरा लांब होता. कपाळापासून मानेच्या खाचेपर्यंत इतकं अंतर त्यांनी क्वचितच बघितलं होतं.

"कुणाचं असंल?" अफजलने मान वळवून विचारलं.

"असंल कुठला तरी हावरा. बघ की, मागं कसं लोंबतंय. असला माणूस मांडवात पयल्या रांगेत बसतो आन् माईककडं कान लावतो. माजं नाव कवा घेतील, माजं नाव कवा घेतील. चेहऱ्यावर मात्र असं दावतो की आपल्याला काय पडलंय."

ते बोलता बोलता थांबले. असा माणूस त्यांच्या ओळखीचा होता का, हे अफजलने विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या लग्नात ते मागच्या रांगेत बसले होते. त्या लग्नाच्या साऱ्या टोप्या त्यांनीच कापलेल्या. माईकवरून आवाज आला, "इस्माईलभाई, स्टेजवर या." चाचा उठले. खरंच उठले; पुढच्या खुर्चीला धरून अर्धे उभे राहिले, लेंग्याच्या सुरकुत्या झटकल्या. आणि पुढच्या रांगेतून इंदापूरचे इस्माईलभाई बागवान, फळांचे व्यापारी, हात जोडत स्टेजकडे निघाले. चाचांनी तसंच वाकून चप्पल नीट केल्यासारखं केलं आणि खाली बसले. शेजारी बसलेल्या पोराने पाहिलं होतं. त्या दिवसापासून ते लग्नाला जात, जेवत आणि सत्कार सुरू झाले की मांडवाबाहेर येऊन उभे राहत. त्यांना कुणी, कधीही, स्टेजवर बोलावलं नव्हतं. त्यांच्या टोपीशिवाय मात्र तालुक्यात एकही लग्न लागत नव्हतं.

पाचवी टोपी कापायची वेळ आली तेव्हा खादी जराशी कमी पडतेय असं दिसलं. चार टोप्यांचे तुकडे पुन्हा मांडून, थोडं इकडे थोडं तिकडे सरकवून ती बसली असती. किंवा दुकानातल्या स्वतःच्या खादीतून वीतभर कापड घेता आलं असतं. चाचांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी पाच नंबरचा फर्मा हातात घेतला आणि त्याच्या टोकाचा अर्धा इंच कात्रीने उडवला.

"अब्बा, माप तर साडेबावीस हाय ना?"

"ह्या डोक्याला एवढं बास."

"मापाची टोपी हाय ती."

"टोपी ल्यायची थोडीच हाय त्येला. मिरवायची हाय. मिरवू दे. सगळ्यांम्होरं बोटानं धरून मिरवू दे." त्यांनी कापडावर कात्री चालवली, आणि मग शिवणीच्या आत राखायचा जास्तीचा काठही, जो उसवून टोपी सैल करता येते, तोही कापून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मापाची टोपी जाणूनबुजून आखूड कापली होती. त्यांना बरं वाटलं. उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं.

टोप्या शेळगावला गेल्या. सर्जेरावचा फोन आला की झाक झाल्यात. चाचांनी "हूं" म्हणून फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठ वाजता ते चहा पीत होते, तेव्हा त्यांच्या बायकोने, गौहरबीने, त्यांचा इस्त्रीचा पांढरा सदरा आणून खाटेवर ठेवला. नवा रुमालही ठेवला. लग्नाला जाताना नवा रुमाल द्यायची तिची रीत नव्हती.

"मी न्हाय जात," चाचा म्हणाले. "अफजलला धाड. जेवून येईल."

"तुमाला जायाला लागंल आज."

"का? माज्यावाचून लगीन आडतंय?"

गौहरबी हसली. पस्तीस वर्षांच्या संसारात ती चाचांसमोर फारशी हसली नव्हती. त्यांच्या बोलण्यावर हसलं की ते आपल्यावर उलटतं, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पण आज तिला राहवलं नाही.

"सर्जेरावनं सांगू नका म्हणलंय. पण तुमी न्हाय गेला तर घोटाळा होईल म्हणून सांगते. तुमाला माईकवर बोलवणार हायती. सत्कार हाय तुमचा."

चाचांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"त्यो आला होता की घरी, म्हयन्याखाली. तुमी दुकानात व्हता. म्हणला, आबा आमचे जाताना म्हणले व्हते, लग्नात इस्माईलला इसरू नको. म्हणला, चाचीनू, चाचांचं माप पायजे, पण त्यास्नी कळू देऊ नका. मग तुमी दुपारचं झोपला तवा दोऱ्यानं घेतलं मी." ती पुन्हा हसली. "जागं व्हाल म्हणून दोरा नुसता टेकवत व्हते मी. केवढं लांब डोकं हाय तुमचं, एवढ्या वर्सात मला ठावंच नव्हतं."

चाचांनी डोक्यावरची टोपी चाचपली. ते स्वतः जाळीची विणलेली टोपी घालत. तिला माप लागत नाही. ताणली की कुणालाही बसते. दोनशे डोकी त्यांनी कागदावर उतरवली होती, पण त्यांचं डोकं कधी कुणी मोजलं नव्हतं, आणि त्यांनाही ते मोजावंसं वाटलं नव्हतं.

"कितवा नंबर?" त्यांनी विचारलं, जरी विचारायची गरज नव्हती.

"पाच."

ते उठले आणि चालत दुकानात गेले. अफजल शटर वर करत होता. त्याच्याकडे न बघता त्यांनी फर्म्यांच्या गठ्ठ्यातून पाच नंबरचा काढला आणि फूटपट्टी लावली. मग दुसऱ्यांदा लावली. फर्मा निम्म्याचा होता. निम्म्यातून अर्धा इंच काढला म्हणजे घडी उलगडल्यावर पुरा एक इंच गेला. शिकाऊ पोरं करतात ही चूक. चाळीस वर्षांत त्यांनी किती पोरांना याच चुकीसाठी कानफटवलं होतं, त्यात अफजलही होता. अर्धा इंच त्यांनी दुष्टाव्याने घेतला होता आणि दुसरा अर्धा इंच रागाच्या भरात आपोआप गेला होता. आणि उसवायला आत काठसुद्धा ठेवला नव्हता.

अफजल जवळ आला. त्याने फर्म्याकडे पाहिलं, बापाच्या डोक्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"दुसरी कापू या अब्बा. साडेबाराचा मुहूर्त हाय. मी घंट्यात शिवतो. आपल्याकडं खादी हाय थोडी."

चाचांनी खडू हातात घेतला. टोपी नक्कीच झाली असती. पण मग ती घेऊन सर्जेरावकडे जायचं आणि काय सांगायचं? माप चुकलं म्हणायचं? इस्माईल मुलाण्याचं माप चुकलं? का खरं सांगायचं, की मला वाटलं दुसराच कुणी हावरा असेल? दोन्हींपैकी एकही वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नसतं. आणि ते निघणार नाही हे कळताच त्यांना सर्जेरावचाच राग आला. न सांगता माणसाचं डोकं मोजून नेतो म्हणजे काय? सत्कार करायचा तर समोर येऊन सांगता येत नव्हतं? पण हा राग फार वेळ टिकला नाही. त्याच्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं, आणि ते लपवण्यासाठी त्यांनी खडू डबीत टाकून झाकण लावलं.

"चल," ते म्हणाले. "उशीर होईल."

मंगल कार्यालय रस्त्याला लागूनच होतं. वाजंत्री, फटाके, पंख्यांचा वारा, चकाकत्या साड्या. सर्जेरावने दारातच त्यांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. चाचा बसले. मग त्यांना आठवलं की पहिल्या रांगेत कोण बसतं याबद्दल आपण काय बोललो होतो, आणि ते खुर्चीत जरा मागे सरले. माईकवर एक तरुण शिक्षक होता, फेटा बांधलेला, शब्दाला शब्द जोडणारा. एक नंबर पुकारला गेला. तो मुलीच्या आजोळचा म्हातारा निघाला, गरीब, आखूड धोतर नेसलेला. पैशेवाला वगैरे काही नव्हता. त्याच्या डोक्यावर टोपी अशी बसली जशी त्याच्याबरोबरच जन्मली असावी. दोन नंबर, तीन, चार. चारही टोप्या सुरेख बसल्या. प्रत्येक वेळी चाचांच्या मनात आलं, ही माझी. आणि प्रत्येक वेळी पाहुणा टोपी काढून घडी घालत खाली उतरला.

"आणि आता," माईकवाल्याने आवाज चढवला, "आपल्या भागातल्या चार पिढ्यांच्या डोक्यावर ज्यांनी सावली धरली, ते लासुर्ण्याचे कारागीर, आदरणीय इस्माईलचाचा मुलाणी! त्यांनी कृपया व्यासपीठावर यावं!"

टाळ्या वाजल्या. खोट्या नव्हत्या, मागच्या रांगांतून कुणीतरी शिट्टीही मारली. चाचा उठले. या वेळी त्यांनी लेंगा झटकला नाही, खुर्ची धरली नाही. पायऱ्या चढताना त्यांनी जाळीची टोपी काढून खिशात ठेवली. केस नसलेल्या टाळूला पंख्याचा वारा लागला.

सर्जेरावने खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि टोपी डोक्यावर ठेवली. ती खाली आली नाही. त्याने दोन्ही हातांनी दाबली. टोपी मागे सरकली, परत पुढे आली आणि टाळूवर ताठ उभी राहिली. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता. सर्जेरावच्या कपाळावर आठ्या पडल्या. वाकून तो हळूच म्हणाला, "बसंना की चाचा. बारकी झाली का काय?"

चाळीस वर्षं इस्माईल मुलाण्याने आमदार बघितला नव्हता की सावकार. ज्याच्या डोक्यावर टोपी बसली नाही त्याला तोंडावर सांगितलं होतं, ही तुझी टोपी नव्हे, काढ. एका शब्दाने सांगितलं होतं. या एका बाबतीत ते कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते, आणि सर्जेरावलाही हे ठाऊक असणार, म्हणूनच तो त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.

"न्हाय," चाचा म्हणाले. "बरोबर हाय माप."

"बरोबर हाय?"

"एकदम बरोबर. काढा फोटो."

फोटो निघाला. चाचांनी मान ताठ धरली होती. नमस्काराला हात जोडतानाही ती हलू दिली नाही. पायऱ्या उतरताना ते खाली बघू शकले नाहीत; एकेक पायरी पायाने चाचपत उतरले. खाली अफजल उभा होता.

"काढा आता अब्बा," तो पुटपुटला. "पडंल."

"ऱ्हाऊ दे."

अक्षता पडल्या, लग्न लागलं. मग जेवणाच्या टेबलांवर पंगत बसली. चाचांच्या शेजारी चार नंबरचा पाहुणा बसला होता, बारामतीकडचा कुणी व्याही. त्याने मानाची टोपी टेबलावर ठेवली होती आणि तिच्या घडीवर आमटीचा शिंतोडा उडाला होता. तो बोटाने पुसून त्याने टोपी मागच्या खुर्चीवरच्या पिशवीत कोंबली.

चाचांनी मान न वळवता, नुसते डोळे फिरवून ते बघितलं. चेहऱ्यावर ती जुनीच तुच्छता पसरली. अफजलला ती चांगली ओळखीची होती.

"बघ," ते ओठ न हलवता म्हणाले. "उतरायच्या आतच काढली. आन् कोंबली. माणसानं एवढा मान दिला, त्येची काय किंमत न्हाय ह्या लोकास्नी."

वाढप्याने भात वाढला, त्यावर आमटी वाढली. चाचांना ताटाकडे वाकता येईना. मग त्यांनी डाव्या हाताने ताट उचललं, छातीपर्यंत वर आणलं, आणि मान ताठ ठेवूनच ते जेवू लागले.